न आलेल्यांची हजेरी

कौसल्याबाई भिंगारदिवे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावच्या वेशीत, एसटीतून उतरताना. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात रॉकेलचा स्टोव्ह, आणि मागे पुस्तकांची पेटी डोक्यावर घेतलेले त्यांचे यजमान. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव शिक्षकांमध्ये बदलीची शिक्षा म्हणून प्रसिद्ध होतं. इथे आलेले गुरुजी पहिल्याच आठवड्यात परत जायच्या खटपटीला लागत. बाईंनी उतरल्या उतरल्या आजूबाजूला पाहिलं आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, "या गावातल्या मुली कुठे आहेत?"

"पोरी व्हय? पान्याला गेल्यात," एक म्हातारा म्हणाला, आणि मग या बाई काही साध्या दिसत नाहीत असं वाटून त्यानं टोपी नीट केली.

मी तेव्हा विहिरीवरून हंडा घेऊन येत होते. बाईंनी मला थांबवलं, नाव विचारलं, इयत्ता विचारली. मी सांगितलं, "पालवे सिंधू नामदेव, पाचवी." त्या म्हणाल्या, "छान. उद्यापासून असंच मोठ्यानं सांगायचं." पुढे आयुष्यभर आपण याच बाईंच्या मागे चालणार आहोत याची त्या दिवशी मला सुतराम कल्पना नव्हती. मला फक्त त्यांच्या स्टोव्हचं अप्रूप वाटलं होतं.

बाईंच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यांच्या शिस्तीबद्दल, व्याकरणाच्या तासाबद्दल, कडक इस्त्रीच्या सुती पातळांबद्दल इतरांनी लिहिलं असेलच. मी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर सोनईच्या कन्याशाळेत त्यांची सहकारी. मला त्यांच्या हजेरीबद्दल लिहायचं आहे. हजेरीवर काय लिहिणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी बाईंच्या वर्गात कधी पाय ठेवलेला नाही.

आमच्या भागातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी मुकादमाची भाषा. कोयता पुरा व्हावा म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकतात, आणि लग्नाचं वय झालं नसेल तर तिला धाकट्या भावंडांना सांभाळायला बरोबर नेतात. मी सहावीत गेले त्या दिवाळीला आमच्याही घराचा संसार ट्रकवर चढला. कारखान्याच्या भागात उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे खोपटं, त्यात आम्ही सगळे. भावाला कडेवर घ्यायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायच्या. शाळेची आठवण यायची, पण दात दुखावा तशी, अधूनमधून.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आम्ही गावी परतलो, तेव्हा शेजारची कमल धावत आली. "सिंधे, तुजं नाव रोज घेत्यात गं बाई! आनि आमी सगळ्या मिळून 'येणार' म्हनतो."

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाईंनी हजर मुलींची नावं घेतली. मग पुस्तक मिटलं. पुस्तक मिटल्यावर मुली आपोआप ताठ बसल्या. बाईंनी तोंडपाठ एकेक नाव घ्यायला सुरुवात केली, दिवाळीनंतर गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, गुरांमागे धाडलेल्या पोरींची. प्रत्येक नावाला सगळा वर्ग एका आवाजात म्हणत होता, "येणार!" त्यात माझं नाव आलं. खिडकीबाहेर मी इतकी रडले की बाईंना हजेरी थांबवून बाहेर यावं लागलं. त्यांनी मला आत नेऊन माझ्या जागेवर बसवलं. त्या जागेवर कोणी बसलेलं नव्हतं, कोणाला बसू दिलंच नव्हतं.

पुढच्या दिवाळीला बाई स्वतः आमच्या घरी आल्या. वडिलांना म्हणाल्या, "नामदेवराव, तुम्ही खुशाल जा. पोरगी माझ्याकडे राहील." तिथून पुढचे हंगाम मी बाईंच्या घरी काढले, आणि माझ्यासारख्या आणखी काही जणींनी. बाईंचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणत असू, टपाल खात्यात होते. ते भाकरी अशा गोल थापत की आमच्या आयांनी लाजावं. बाई धम्मदीक्षा घेतलेल्या घरातल्या, आम्ही वंजारी. गावात कुजबुज झाली की पालव्यांची पोर भिंगारदिव्यांच्या चुलीवरचं जेवते. माझ्या आईच्या कानावर ते गेलं. आई म्हणाली, "जेवती ना? मंग झालं." यापलीकडे आमच्या घरात या विषयावर कधी चर्चा झाली नाही.

या हजेरीवरून बाईंची थट्टाही पुष्कळ झाली. शिक्षकखोलीत एक गुरुजी तिला 'बाईंचा पितृपंधरवडा' म्हणत. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गाबाहेर थबकले आणि चिडून म्हणाले, "जी मुलगी शाळेतच नाही तिचं नाव घेण्यात काय हशील?" बाईंनी त्यांना चहा दिला आणि आपली गोष्ट सांगितली. नेवाशाकडच्या खेड्यात त्या तिसरीत असताना आई आजारी पडली म्हणून वर्षभर घरी राहिल्या. परत गेल्या तर नाव कमी केलेलं. "कमी केलं त्याचं काही नाही साहेब," बाई म्हणाल्या. "नियमच आहे तो. पण मी नव्हते हे कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं." साहेबांनी चहा संपवला आणि शेऱ्यात हजेरीचा उल्लेख केला नाही.

सगळ्याच मुली परत आल्या असं मी म्हणणार नाही, बाईंनाही ते आवडणार नाही. पुष्कळ आल्या नाहीत. एक दिवस एक मुलगी कडेवर मूल घेऊन वर्गाच्या दाराशी आली. माहेरी आली होती. आत येईना, बसेना. म्हणाली, "बाई, माजं नाव घेता का एकदा? ऐकून जाते." बाईंनी घेतलं. मुली ओरडल्या, "येणार!" ती हसली, पदरानं तोंड पुसलं आणि गेली. तो तास बाईंनी शिकवला नाही. फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पुढे मी शिक्षिका झाले, बाईंची सोनईला मुख्याध्यापिका म्हणून बदली झाली आणि माझं नशीब थोर म्हणून मीही त्याच शाळेत लागले. बाईंची नोकरी संपायला सव्वा वर्ष राहिलं होतं. त्या साली गणपती उठले त्याच आठवड्यात रेडिओवर काबूलची बातमी आली. तिथे बंदूकवाल्यांचं नवं राज्य आलं होतं. मुलींच्या शाळा बंद, शिक्षिकांनी घरी बसायचं, बाईमाणसानं पुरुष बरोबर असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. शिक्षकखोलीत कोणीतरी म्हणालं, "लांबच्या गोष्टी." बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

लांबची गोष्ट संक्रांतीच्या सुमारास आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

करीम नावाचे एक अफगाण गृहस्थ तरुणपणी राहुरीला शेतीचं शिक्षण घेऊन गेले होते. तेव्हाचा त्यांचा सोनईतला एक मित्र फळझाडांची रोपवाटिका चालवत असे. काबूलहून पेशावर, पेशावरहून दिल्ली असं करत करीमभाई बायको आणि मुलीला घेऊन या मित्राकडे आले. त्यांच्या पत्नी नजीबाबाई काबूलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या. मुलगी शबनम चौदा वर्षांची. काळेभोर डोळे, आणि कोणी मोठ्यानं दार लावलं तरी दचकणारी. नजीबाबाईंची हिंदी सिनेमे पाहून शिकलेली होती, त्यामुळे त्या साधी गोष्टही नायिकेसारखी बोलत. बाईंची हिंदी म्हणजे मराठीलाच दोन 'है' जोडलेले. या दोघींचं एकमेकींना सगळं कळे, आम्हालाच कळत नसे.

लेखनिकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला?"

"शाळेलाच कुलूप लावलंय," बाई म्हणाल्या. "दाखला काय कुलूप देणार आहे?"

संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. परदेशी मुलगी, कागद नाही, उद्या काही लचांड निघालं तर? निवृत्ती तोंडावर आली आहे, पेन्शन अडकेल. बाई म्हणाल्या, "अडकली तर माझी अडकेल." मग त्या करीमभाईंना घेऊन नगरला पोलिसांकडे गेल्या, परदेशी माणसाच्या नोंदीचे काय ते सोपस्कार केले, बोर्डाच्या कचेरीत पुण्याला खेटे घातले. केडगावच्या बहिणीकडे मुक्काम टाकून भल्या सकाळची पुण्याची गाडी धरायची आणि परत यायचं, हा त्या वयात त्यांचा क्रम झाला. शबनम मात्र पहिल्या दिवसापासूनच नववीच्या वर्गात बसत होती. बाईंच्या शाळेत मुलगी आधी आत यायची, कागद तिच्या मागून येत.

त्या पहिल्या दिवशी नजीबाबाई लेकीला सोडून जाईनात. त्यांना विश्वासच वाटत नव्हता. बाईंनी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं आणि हजेरी घेतली. मीही वर्गात होते. हजर मुलींची नावं झाली, पुस्तक मिटलं, आणि बाईंनी गेलेल्या मुलींची नावं सुरू केली. "घुले मंदा." "येणार!" "दरंदले छाया." "येणार!" मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. नजीबाबाई उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावरून ओढणी घेतली, दोन्ही तळहात समोर धरले, डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले. मुली आधी खुदखुदल्या, मग त्यांचा चेहरा पाहून गप्प झाल्या.

बाई त्यांच्यापाशी गेल्या. काय झालं म्हणून विचारलं. नजीबाबाई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "आपा, या मुली कशानं गेल्या? आमच्याकडे रॉकेट पडत होती. इथे काय झालं?"

त्यांना वाटलं होतं, ही मेलेल्या मुलींची नावं आहेत. त्या त्यांच्यासाठी दुवा मागत होत्या.

"अहो नाही, नाही!" बाई म्हणाल्या. "जिवंत आहेत. ऊस तोडायला गेल्यात. ही मंदा, हिचं लग्न झालंय."

नजीबाबाईंनी हात खाली घेतले. "जिवंत आहेत? मग वर्गात का नाहीत? इथे कोणी बंदी घातली आहे?"

मी बाईंना इतकी वर्षं ओळखते. साहेबाला, अध्यक्षाला, मुकादमाला, दारू पिऊन आलेल्या बापाला बाईंनी जागच्या जागी उत्तर दिलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "कोणीच नाही," आणि खाली मान घालून टेबलाकडे परत गेल्या.

संध्याकाळी बाईंनी नजीबाबाईंना घरी जेवायला बोलावलं. काकांनी भाकरी केल्या. जेवताना बाईंनी विचारलं, "तुमच्या वर्गात कोण कोण होत्या?" नजीबाबाईंनी घास ताटात ठेवला आणि नावं सांगायला लागल्या. फरिश्ता, हुमा, जमीला, नाहीद, पलवशा, राबिया, गुलालय. कोण कुठे बसायची, कोणाला भूमिती यायची, कोण नुसतीच खिडकीबाहेर पाहायची. शबनम मान खाली घालून ऐकत होती, त्यातली हुमा तिची जिवाभावाची मैत्रीण. बाई प्रत्येक नाव दोनदा म्हणून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी हजेरीत ऊसतोडीच्या मुलींनंतर ती नावं आली. आमच्या पोरींच्या तोंडात 'पलवशा' बसेना, 'गुलालय'नं तर वर्गाची पार भंबेरी उडवली. शबनमनं उठून म्हणून दाखवलं. शाळेत आल्यापासून तिचा तो पहिला मोठा आवाज. मग सगळ्या ओरडल्या, "येणार!" मी दाराशी उभी होते. सोनईतल्या पोरींनी ओरडून काबूलचं कुलूप निघणार नव्हतं हे मला कळत होतं. तरी त्या वेळी ते निघेलसं वाटलं.

गावात अर्थातच चर्चा झाली. सरपंचांचे चुलते एक दिवस तरातरा शाळेत आले. "बाई, आपल्या पोरींचा अभ्यास सोडून त्या काबूलच्या पोरींची नावं कशापायी? आपलं काय नातं हाय त्यांच्यासंगं?"

"बसा, अण्णा," बाई म्हणाल्या. "हजेरी ऐका, मग बोलू."

अण्णा बसले. ऊसतोडीची नावं झाली, लग्न झालेल्यांची सुरू झाली, आणि त्यात त्यांच्याच पुतणीचं नाव आलं. आठवीतून काढून अण्णांनीच पुढाकार घेऊन तिचं लग्न लावलं होतं. वर्ग म्हणाला, "येणार!" अण्णा काबूलच्या नावांपर्यंत थांबले नाहीत. जाताना दाराशी म्हणाले, "चालू द्या तुमचं." ती पुतणी पुढे आली का? नाही आली. पण अण्णांच्या घरातली तिच्यामागची धाकटी दहावीपर्यंत शिकली, आणि शाळेत सोडायला अण्णाच येत.

नजीबाबाई शाळेत येऊ लागल्या. पगार द्यायचा तर त्यांना काम करायची परवानगी नव्हती, त्या नुसत्याच आवडीनं दहावीला भूमिती शिकवत. त्यांनी खडू हातात धरला की वर्तुळ असं निघायचं की मुली कंपास बाजूला ठेवायच्या. शबनम दहावीत गेली. तिची मराठी नगरीच झाली. "मला न्हाई जमायचं, लई अवघड हाय," असं ती म्हणाली की बाई कपाळाला हात लावत.

आणि मग नवरात्राच्या आधी एका दुपारी नजीबाबाई बाईंच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "आपा, मी परत जाते आहे."

बाईंना आधी वाटलं, करीमभाईंचं काही बिनसलं. तसं नव्हतं. करीमभाईंची म्हातारी आई काबूलला एकटी होती, हे एक कारण. पण खरं कारण नजीबाबाईंनी सरळ सांगितलं. "तुम्ही रोज माझ्या मुलींची नावं घेता. मी रोज ऐकते. त्या तिथे चार भिंतींत बसल्या आहेत आणि त्यांच्या दाराशी जाऊन नाव घेणारं कोणी नाही. मी घरात शिकवीन. चोरून शिकवीन."

बाई हादरल्या. पकडलं तर काय होईल ते सांगितलं, जणू नजीबाबाईंना ते ठाऊक नव्हतं. रागावल्या, समजावलं, काकांना बोलावून आणलं. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सिंधू, माझ्या हजेरीनं तिला मरायला धाडलं गं." त्या इतक्या घाबरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी हजेरीत बाईंनी लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं घेतली आणि थांबल्या. काबूलची नावं घेतली नाहीत. मुली वाट पाहत राहिल्या. मग मागून नजीबाबाई पुढे आल्या, बाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि स्वतःच सुरुवात केली. "फरिश्ता." वर्गाला कळेना, बाईंकडे पाहावं की नजीबाबाईंकडे. शबनमनं एकटीनं उत्तर दिलं. तिलाही ठाऊक होतं, आई कशासाठी नावं घेते आहे ते. दुसऱ्या नावाला सगळा वर्ग तिच्याबरोबर होता, आणि तिसऱ्याला बाईही.

राहिला प्रश्न शबनमचा. परत नेली तर शिक्षण संपलं. ठेवली तर आई-बापापासून तुटली. तोंडावर दहावीची परीक्षा. बाई आणि काकांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. करीमभाईंनी मुलीला हात धरून आणलं तेव्हा काका आधीच आतल्या खोलीतला पलंग झाडत होते. नजीबाबाई म्हणाल्या, "आपा, ही तुमच्याकडे माझी अमानत. शिकवा. मी न्यायला येईन."

नगरच्या स्टेशनावर त्यांना दिल्लीच्या गाडीत बसवून आलो. शबनम रडली नाही. गाडी गेल्यावर ती बाईंना म्हणाली, "उद्या भूमितीचा तास कोन घेनार?" तेव्हा बाई रडल्या. तिथेच फलाटावर, हमालांच्या देखत.

निवृत्तीचा निरोप समारंभ झाला तेव्हा बाईंच्या घरी परीक्षेची तयारी चालू होती. शबनम दहावी चांगल्या गुणांनी पास झाली, भूमितीत तर शाळेत पहिली. आता ती सोनईतच बारावी सायन्सला आहे. पोलिसांकडच्या मुदतवाढीसाठी बाई आजही तिला घेऊन नगरला जातात आणि बाकावर बसून राहतात. त्या घरात ईदला शेवया होतात, बुद्धपौर्णिमेला खीर, आणि भाकरी अजून काकाच थापतात.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी शाळेच्या कचेरीतला फोन वाजला. मीच उचलला. तुटक आवाजात कोणी विचारलं, "कौसल्या आपा?" नजीबाबाई होत्या. सासूच्या औषधासाठी म्हणून पेशावरला आल्या होत्या. थोड्या वेळानं पुन्हा करते म्हणाल्या. मी शिपाईमामांना सायकलवर पिटाळलं. शबनम कॉलेजातून धावत आली, बाई वहाणा विसरून आल्या. आधी मायलेकी बोलल्या. शब्द आम्हाला कळत नव्हते, कळायची गरजही नव्हती. मग शबनमनं फोन बाईंकडे दिला.

बाईंनी कशा आहात म्हणूनही विचारलं नाही. "कोण कोण आल्या?" एवढंच विचारलं.

तिकडून नजीबाबाईंनी सांगितलं, सासूच्या घरात तंदूर आहे. मुली कणकेची परात डोक्यावर घेऊन, लहान भावाला बरोबर घेऊन, रोटी भाजून घ्यायला म्हणून येतात. परातीतल्या फडक्याखाली पुस्तक असतं. आणि मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. "फरिश्ता," त्या तिकडून म्हणाल्या असाव्यात, कारण बाई कचेरीत ताठ उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "हजर." मग, "जमीला? हजर." मग, "राबिया? हजर." लेखनिक कलम खाली ठेवून उभे राहिले. मधली सुट्टी होती, व्हरांड्यातल्या मुली खिडकीशी गोळा झाल्या. बाई निवृत्त झाल्यावर ती हजेरी मी चालू ठेवली होती. दोन वर्षं रोज ज्या नावांना त्या ओरडत आल्या होत्या, ती नावं त्यांनी ओळखली.

एका नावाशी बाई थांबल्या. "आणि हुमा?" पलीकडून काय उत्तर आलं ते बाईंनी आम्हाला सांगितलं नाही. शबनमकडे पाहून त्यांनी तिचा हात घट्ट धरला. मग फोन तुटला.

हुमाचं नाव आम्ही अजून घेतो. बाईंनी सांगितलं आहे, घेत राहायचं.

बाईंच्या मोठेपणाबद्दल मला पुष्कळ लिहिता येईल, पण त्यांच्यापुढे उभं राहिलं की माझे शब्द आजही पाचवीतल्या मुलीसारखे होतात. एका खेड्यातली एक शिक्षिका, जिच्या हातात हजेरीशिवाय काहीही नव्हतं. तिनं नावं घेतली आणि एक बाई मृत्यूच्या दारात जाऊन शाळा उघडून बसली.

या वर्षी उन्हाळ्यात बाईंच्या छातीत दुखलं. नगरच्या डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, साखर सांगितली. बाईंचा चहा म्हणजे पाकच असे, आणि औषधाच्या गोळ्या त्या उंबऱ्याबाहेर पडताच विसरत. म्हणून मी रागवायच्या तयारीनं गेले. पाहते तर बाई बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पीत होत्या, गोळ्या घेतल्या होत्या, आणि पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यानं फिरूनही आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, हे काय नवल?"

बाई घरात बोलताना अजून नेवाशाचंच बोलतात. म्हणाल्या, "दुसऱ्याची ठेव हाय माज्याकडं, सिंधू. जिची तिच्या हाती दिल्याबिगर मला मरता येतंय व्हय?"

आतल्या खोलीत शबनम मोठ्यानं रसायनशास्त्र पाठ करत होती.

म्हणून या साठीच्या दिवशी आम्ही बाईंना जे आयुष्य मागतो ते रिवाजाचं नाही. शंभर वर्षं वगैरे आकडा आम्ही घालत नाही. बाईंचे पाय चालते राहोत, नजर स्वच्छ राहो, छाती धड राहो. सोनईच्या स्टँडवर एक दिवस एसटीतून नजीबाबाई उतरतील आणि बाई शबनमचा हात त्यांच्या हातात देतील, तोवर राहो. तो दिवस उद्याच यावा. आणि तो यायला उशीर लागणार असेल, तर तेवढा उशीर बाईंच्या आयुष्यात मिळवला जावो.